नोंदणी झाली, आता पैसा: नागपुरातल्या नव्या संस्थांसाठी

नवी संस्था साधारण तिसऱ्या-चौथ्या वर्षी अडखळते. कारण बहुधा एकच असतं. पहिला मोठा देणगीदार हात आखडता घेतो आणि त्या दिवशी संस्थेच्या खात्यात मोकळा म्हणावा असा पैसा नसतो. खात्यात रक्कम दिसते, पण ती कुठल्या ना कुठल्या प्रकल्पाला बांधलेली असते. मोकळा पैसा म्हणजे भाडं, पगार, ऑडिट, अडचण अशा कशावरही विश्वस्तांच्या ठरावाने खर्च करता येतो तो. बांधील पैसा म्हणजे देणाऱ्याने ज्या कामासाठी दिला त्याच कामाचा. हा फरक पहिल्या दिवसापासून वहीत दिसला पाहिजे. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्याच्यावरच उभ्या आहेत.

पायरी १: खरा खर्च मांडा

देणगी मागायला निघण्याआधी वर्षाला नेमके किती लागतात ते लिहा. उदाहरणाला उत्तर नागपुरातल्या दोन वस्त्यांमधली संध्याकाळची अभ्यासिका घेऊ, ८० मुलांची.

चार शिक्षिका, महिना ९,००० प्रत्येकी: वर्षाला ४,३२,०००. एक समन्वयक, महिना १८,०००: २,१६,०००. दोन खोल्यांचं भाडं, ५,००० प्रत्येकी: १,२०,०००. वह्या-पुस्तकं, मुलामागे १,२००: ९६,०००. खाऊ, रोज मुलामागे १० रुपये, २४० दिवस: १,९२,०००. वीज, कूलर, किरकोळ दुरुस्ती: ३६,०००. बेरीज १०,९२,०००.

बहुतेक नवी मंडळी इथेच थांबतात आणि हाच आकडा प्रस्तावात टाकतात. पण अर्धवेळ हिशेबनीस आहे (८४,०००), सीएची फी आहे (४०,०००), फोन-इंटरनेट-प्रवास-छपाई आहे (४८,०००), कर्मचाऱ्यांचा विमा आहे (२४,०००), आणि दर तीन-चार वर्षांनी लॅपटॉप, पंखे, सतरंज्या बदलाव्या लागतात त्याची तरतूद आहे (३२,०००). हे २,२८,००० झाले. खरा आकडा १३,२०,०००, म्हणजे महिन्याला १,१०,००० आणि मुलामागे वर्षाला १६,५००.

पहिला आकडा सांगून पूर्ण रक्कम मिळाली तरी दर महिन्याला १९,००० रुपयांचं भोक राहतं. ते मग कुणीतरी विश्वस्त खिशातून भरतो, नाहीतर सीएची फी थकते. फी थकली की ऑडिट लांबतं, ऑडिट लांबलं की पुढचा देणगीदार कागद मागतो तेव्हा देता येत नाहीत. खिशातून भरण्यातही एक अडचण आहे. ती रक्कम देणगी म्हणून पावतीवर घ्या, नाहीतर ती संस्थेने घेतलेलं कर्ज ठरते. विश्वस्तांनी संस्थेसाठी कर्ज काढायचं तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ३६अ खाली धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. 'हातउसने' म्हणून वहीत पडलेली विश्वस्ताची रक्कम ऑडिटर हमखास पकडतो.

उन्हाळ्याचा विचार वेगळा करा. नवतपा सुरू होण्याच्या आधीच वस्तीतली हजेरी गळते, मेमध्ये वर्ग जवळजवळ बंदच असतात, पण भाडं आणि पगार चालूच असतो. म्हणून वर खाऊ २४० दिवसांचा धरला आहे आणि पगार बारा महिन्यांचा. अंदाजपत्रकात पगार दहा महिन्यांचा धरून चांगल्या शिक्षिका जूनमध्ये गमावणं हा नागपुरातला ठरलेला प्रकार आहे.

पायरी २: कागद, ज्या क्रमाने लागतात त्या क्रमाने

महाराष्ट्रात १८६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली नोंदलेली सोसायटी १९५० च्या विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही नोंदवावी लागते, म्हणजे तुमचा संबंध धर्मादाय आयुक्त कार्यालयाशी कायमचा जडतो. कलम ८ ची, म्हणजे ना-नफा, कंपनी काढली तर तो कंपनी कायद्याशी जडतो. छोट्या कामाला दोन्हींपैकी काहीही चालतं. कंपनीचे वार्षिक सोपस्कार थोडे महाग पडतात, धर्मादायकडे नोंदलेल्या संस्थेत विश्वस्त बदलणं किचकट असतं.

त्या किचकटपणाबद्दल थोडं सविस्तर, कारण पैसा अडतो तो इथे. विश्वस्त बदलला, वारला किंवा राजीनामा दिला की ९० दिवसांत बदल अर्ज दाखल करायचा असतो. तो मंजूर होईपर्यंत परिशिष्ट-१ वर, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या संस्थेच्या नोंदीच्या उताऱ्यावर, जुनीच नावं राहतात. बँक सह्या बदलायला परिशिष्ट-१ मागते. देणगी देणारी कंपनी करार करण्याआधी तेच मागते. संस्था प्रत्यक्षात तिघेजण चालवत असतात आणि कागदावर सात जण असतात, त्यातले दोन हयात नसतात. हे देणगीदाराच्या तपासणीत निघालं की चर्चा तिथेच संपते. म्हणून पहिल्याच बैठकीत ठरवा: ज्यांना खरंच वेळ आहे त्यांनाच विश्वस्त करायचं. नावासाठी घेतलेला प्रतिष्ठित माणूस सहीला मिळत नाही.

नोंदणीनंतरचा क्रम असा. आधी संस्थेच्या नावाचं पॅन. मग बँक खातं, किमान दोघांच्या सहीचं. मग आयकराची नोंदणी, जिला सगळे अजून 'बारा-ए' (संस्थेच्या उत्पन्नाला करमाफी) आणि 'ऐंशी-जी' (देणगीदाराला करात वजावट) म्हणतात. नव्या संस्थेला ती आधी तीन वर्षांसाठी तात्पुरती मिळते. काम सुरू झाल्यापासून सहा महिन्यांत किंवा तात्पुरती मुदत संपण्याच्या सहा महिने आधी, यातलं जे लवकर येईल तेव्हा कायम नोंदणीचा अर्ज करायचा. 'तीन वर्षं आहेत ना' म्हणून निवांत बसणाऱ्यांचं नुकसान इथे होतं. काम सुरू केलेल्याला तीन वर्षं नसतात. कायम म्हणतात ती नोंदणीही मुदतीचीच असते, साधारण पाच वर्षांची. बारा-एच्या बाबतीत २०२५ च्या दुरुस्तीने लहान संस्थांना ती दहा वर्षांपर्यंत नेता येते.

१ एप्रिल २०२६ पासून आयकर अधिनियम २०२५ लागू आहे, त्यामुळे कलमांचे आणि फॉर्मांचे क्रमांक बदलले आहेत. इथे सगळ्यांच्या तोंडी असलेली जुनी नावंच वापरली आहेत. प्रत्यक्ष भरताना नवा क्रमांक सीएकडून घ्या.

त्यानंतर नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवर नोंद, म्हणजे सरकारी योजनांची दारं उघडतात. आणि कंपन्यांचा पैसा घ्यायचा असेल तर कंपनी मंत्रालयाकडे सीएसआर-१ फॉर्म. सीएसआर म्हणजे कंपन्यांनी कायद्याने सामाजिक कामावर करायचा खर्च.

पायरी ३: पायाचा पैसा, म्हणजे दरमहा देणारी माणसं

वरच्या अभ्यासिकेला महिन्याला १,१०,००० लागतात. शंभर माणसांनी दरमहा ५०० दिले तर ५०,००० होतात, वर्षाला सहा लाख, आणि सगळे मोकळे. शंभर माणसं ऐकायला जास्त वाटतात. पाच विश्वस्तांनी प्रत्येकी वीस नावं काढायची असतात, एवढंच. नातेवाईक, शाळेतले सोबती, धरमपेठ-प्रतापनगर-त्रिमूर्तीनगरातली निवृत्त मंडळी, मिहानमधल्या कंपन्यांत लागलेली भाचे-पुतणी. पहिली शंभर ओळखीतूनच येतात. समाजमाध्यमांवरच्या आवाहनातून येणारी माणसं त्यानंतरची.

पद्धत अशी ठेवा.

संस्थेच्या नावाचा क्यूआर कोड घ्या. विश्वस्ताच्या वैयक्तिक नंबरवर एक रुपयाही नको, 'तात्पुरता' म्हणूनही नको. दरमहा आपोआप कपात होण्यासाठी यूपीआय ऑटोपे किंवा बँकेचा मँडेट घ्या. ऑटोपेमध्ये १५,००० पर्यंतच्या हप्त्याला दर वेळी पिन लागत नाही. ज्याला दर महिन्याला आठवणीने पाठवायचं आहे तो चौथ्या महिन्यात विसरतो, त्यात त्याचा दोष नाही.

कपात फेल होते. खात्यात पैसे नव्हते, कार्ड बदललं, बँक बदलली. महिन्याच्या ७ तारखेला फेल झालेल्यांची यादी काढून फोन करणं हे एका ठरलेल्या माणसाचं काम असलं पाहिजे. हे काम कुणाचंच नसेल तर शंभराचे वर्षभरात साठ कधी झाले ते कळतही नाही.

पावती त्याच दिवशी द्या. पावतीवर पॅनवर जसं आहे तसं नाव, पॅन, पत्ता, रक्कम, देण्याचा प्रकार आणि हेतू. पॅन नंतर घेऊ म्हटलं की मे महिन्यात रडावं लागतं. ३१ मे पर्यंत सगळ्या देणगीदारांचं विवरण १०बीडी मध्ये भरायचं असतं आणि त्यातून निघणारं १०बीई प्रमाणपत्र देणगीदाराला द्यायचं असतं. उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये शुल्क, शिवाय वेगळा दंड. प्रमाणपत्र नसेल तर तुमची छापील पावती सूट मिळवायला पुरत नाही, आणि जुलैमध्ये रिटर्न भरताना देणगीदाराचा फोन येतो. तो फोन आला की पुढच्या वर्षीची देणगी गेली असं धरून चाला.

करसवलतीच्या जोरावर मागू नका, हे आमचं स्पष्ट मत. ऐंशी-जीमध्ये साधारण निम्म्या रकमेवर वजावट मिळते, तीही उत्पन्नाच्या ठरावीक मर्यादेत. म्हणजे २०,००० देणाऱ्याची वजावट १०,०००, आणि ३० टक्क्यांच्या गटात असला तर वाचतात सुमारे ३,१२०. ते सुद्धा जुन्या करप्रणालीत. नव्या प्रणालीत ही वजावट नाही आणि पगारदार भराभर तिकडे गेले आहेत. त्यांना अभ्यासिकेत एक संध्याकाळ बसवा, त्याचा उपयोग जास्त होतो.

रोख, इतवारी आणि दानपेटी

इतवारी-गांधीबागेतला व्यापारी देणारा आहे, पण त्याचा हात रोखीकडे जातो. २,००० च्या वर रोख दिली तर त्याला वजावट नाही, हे त्याला आधीच सांगा. चेक किंवा यूपीआयला तो तयार होतो. दानपेटीतला निनावी पैसा थोडा असला तर चालतो. शैक्षणिक-सामाजिक संस्थेच्या एकूण देणग्यांच्या ५ टक्के किंवा एक लाख, यातलं जे जास्त त्याच्या वर निनावी रक्कम गेली की ३० टक्के कर लागतो. खर्चातही रोखीची शिस्त हवी: एका माणसाला एका दिवसात १०,००० च्या वर रोख दिलेला खर्च कराच्या हिशेबात धरला जात नाही.

व्यापाऱ्याकडून वस्तूच मागणं बऱ्याचदा सोपं असतं. खाऊचे १,९२,००० आठवा. गूळ-फुटाणे, पोहे, केळी हे कळमन्याच्या ठोक भावात कुणी सहा महिने पुरवलं तर जवळपास लाखभर रुपये मोकळे होतात. वस्तूरूप देणगीला ऐंशी-जीची सूट नाही, पण साठा नोंदवहीत तारीख, वजन आणि सही पाहिजेच.

पायरी ४: कंपन्यांचा सीएसआर

आधी नियम नीट समजून घ्या. निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातलं एक जरी गाठलं तरी कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च करावे लागतात. दुसऱ्यामार्फत काम करवून घ्यायचं तर त्या संस्थेकडे बारा-ए, ऐंशी-जी, सीएसआर-१ आणि तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव लागतो. म्हणजे पहिल्या दोन वर्षांत सीएसआरच्या मागे धावण्यात अर्थ नाही. त्या काळात फोटो, हजेरीपत्रकं, ऑडिट अहवाल जमा करा. तीन वर्षांचा अनुभव दाखवायचा तो यांच्याच आधारावर.

नागपुरात बसून सगळे आधी वेस्टर्न कोलफिल्ड्स आणि मॉयलकडे जातात, कारण दोन्हींची मुख्यालयं इथे आहेत. त्यांचं काम साहजिकच खाणींच्या आसपास असतं. तुम्ही उमरेड, सावनेर, रामटेकच्या भागात असाल तर जरूर जा. मौद्याच्या एनटीपीसीचंही तेच, प्रकल्पाजवळची गावं आधी. उत्तर नागपुरातल्या वस्तीसाठी बुटीबोरी आणि हिंगण्याच्या एमआयडीसीतली मध्यम कंपनी बरी. ५ कोटी नफा म्हणजे १० लाखांचा सीएसआर, आणि ज्या कंपनीची सीएसआर रक्कम ५० लाखांपर्यंत आहे तिला वेगळी समिती नेमावी लागत नाही, संचालक मंडळच ठरवतं. बऱ्याचदा याचा अर्थ मालकाला अर्धा तास भेटलात की निर्णय होतो. कुठली कंपनी कुठे किती खर्च करते ते राष्ट्रीय सीएसआर पोर्टलवर कंपनीच्या नावाने पाहता येतं. भेटीला जाण्याआधी ते पाहूनच जा.

वेळ महत्त्वाची. वर्षाची योजना साधारण एप्रिल ते जूनमध्ये ठरते, तेव्हा एक पानी टिपण हातात असू द्या: काम काय, कुठे, किती मुलं, मुलामागे किती खर्च, वर्षाअखेर काय मोजून दाखवणार. जानेवारी-मार्चमध्ये उरलेली रक्कम संपवायची घाई असते आणि तेव्हा फोन येतो: 'पंधरा दिवसांत आठ लाख खर्च करू शकाल का?' बहुतेक वेळा नाही म्हणा. पंधरा दिवसांत फक्त टॅबलेट आणि दप्तरं खरेदी होतात, शिक्षिकेचा पगार त्यातून निघत नाही, आणि पुढच्या वर्षी ते टॅबलेट दुरुस्त करायचा खर्च तुमच्यावर येतो.

पाच टक्क्यांचा गैरसमज इथे दूर करून घ्या. 'प्रशासकीय खर्च ५ टक्क्यांच्या वर देता येत नाही, कायदा आहे' असं तुम्हाला सांगितलं जाईल. कायद्यातली ५ टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या सर्वसाधारण खर्चाला आहे. प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी, देखरेख यांवर थेट होणारा खर्च तिच्यात येत नाही. म्हणून समन्वयक, हिशेबनीसाचा वाटा, प्रकल्पाचं ऑडिट हे सगळं 'प्रकल्प अंमलबजावणी' या मथळ्याखाली, कामाच्या तासांच्या हिशेबासकट मांडा. 'ओव्हरहेड १७ टक्के' अशी एकच ओळ टाकली तर ती पहिल्याच बैठकीत कापली जाते. तीच रक्कम सहा ओळींत, कारणांसकट मांडली तर बहुतेक टिकते.

करार वाचताना हप्ते बघा. ४०-४०-२० अशी वाटणी नेहमीची. १२ लाखांच्या प्रकल्पात शेवटचे २,४०,००० अहवाल आणि सीएच्या विनियोग प्रमाणपत्रानंतरच मिळतात, म्हणजे तेवढं काम तुम्ही आधी स्वतःच्या पैशांनी केलेलं असतं. तेवढा मोकळा पैसा नसेल तर पहिला हप्ता वाढवून मागा, ५०-४०-१० करून घ्या. मागितलं तर मिळतं, पण सही होण्याआधी.

सरकारी अनुदान

थोडक्यात: मिळालं तर घ्या, त्याच्यावर पगार अवलंबून ठेवू नका. हप्ता एक वर्ष उशिरा येणं हे सर्रास चालतं. डिसेंबरात अधिवेशनाच्या दिवसांत रविभवनावर निवेदन देऊन फोटो मिळतो. अनुदान मिळतं ते विभागाच्या जाहिरातीप्रमाणे मुदतीत केलेल्या अर्जाला.

पायरी ५: परदेशातला पैसा

नागपूरकरांची मुलं अमेरिका-जर्मनीत आहेत, त्यामुळे हा प्रश्न पहिल्याच वर्षी येतो. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी भारतीयाने स्वतःच्या बचतीतून नेहमीच्या बँक मार्गाने दिलेले पैसे विदेशी अंशदान धरले जात नाहीत. पासपोर्टची प्रत मात्र फाइलला लावा. त्याच माणसाने अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं की, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाचं) असलं तरी, तो विदेशी स्रोत होतो आणि त्याचे ५०० रुपयेही एफसीआरए, म्हणजे विदेशी अंशदान कायद्याखालच्या नोंदणीशिवाय किंवा पूर्वपरवानगीशिवाय घेता येत नाहीत. रुपयांत दिले, नागपुरात बसून दिले, तरीही. वेबसाइटवर देणगीचं बटण लावलं असेल तर पेमेंट गेटवेवाल्याला सांगून परदेशी कार्डं बंद करा. अनवधानाने आलेला एक व्यवहार पुढे एफसीआरएच्या अर्जात आडवा येतो.

त्या नोंदणीसाठी तीन वर्षं पूर्ण आणि त्या तीन वर्षांत मूळ कामावर १५ लाख खर्च हवा. पैसे स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्याच खात्यात येतात, प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या आत ठेवावा लागतो, दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाहीत. ठोस देणारा समोर नसेल तर नोंदणीच्या मागे लागू नका. दरवर्षी ३१ डिसेंबरपर्यंत विवरण भरावं लागतं, पैसे शून्य आले तरी.

पायरी ६: गंगाजळी

'आपली संस्था ना-नफा, शिल्लक ठेवता येत नाही' हा गैरसमज कर सल्लागारांपेक्षा विश्वस्तांमध्येच जास्त. वर्षाच्या उत्पन्नाच्या ८५ टक्के कामावर खर्च झाले पाहिजेत. उरलेले १५ टक्के काही कारण न देता साठवता येतात. आपल्या अभ्यासिकेच्या १३,२०,००० वर ते होतात १,९८,०००. दोन वर्षं नीट चाललं तर ३,९६,०००, म्हणजे साडेतीन महिन्यांचा खर्च. आणखी साठवायचं असेल तर कारण ठरवून, विश्वस्तांचा ठराव करून, मुदतीत फॉर्म १० भरून पाच वर्षांपर्यंत ठेवता येतं. ही मुदत आयकर रिटर्नच्या तारखेच्या दोन महिने आधी असते. ती चुकली की साठवलेल्या रकमेवर कर बसतो. आधी तीन महिन्यांचा खर्च, म्हणजे ३,३०,००० गाठा. मग सहा महिन्यांचा, ६,६०,०००. ही गंगाजळी फक्त मोकळ्या पैशातून होते. सीएसआरच्या उरलेल्या रकमेची गंगाजळी करता येत नाही, ती परत मागितली जाते.

ठेवायची कुठे? शेड्यूल्ड बँकेत मुदत ठेव. दोन टक्के जास्त मिळतात म्हणून पतसंस्थेत ठेवू नका. विश्वस्त कायद्याच्या आणि आयकराच्या मंजूर गुंतवणुकीच्या यादीत ती बसत नाही, आणि बुडाली तर ठेव विमा नाही. बँकेतही विमा एका बँकेत पाच लाखांपर्यंतच असतो, त्यामुळे रक्कम वाढली की दोन बँकांत ठेवा.

कायम निधी किंवा कॉर्पस हा वेगळा प्रकार. देणाऱ्याने लेखी लिहून दिलं पाहिजे की ही देणगी कायम निधीसाठी आहे. नंतर विश्वस्तांनी ठराव करून तसं ठरवता येत नाही. विदर्भात १९२१ सालची मातृ सेवा संघ आहे, १९४९ सालची महारोगी सेवा समिती आहे. त्यांच्याकडे बघून नवी मंडळी पहिल्याच वर्षी कायम निधीचं आवाहन छापतात. हिशेब करून बघा: ७ टक्के व्याजाने १३,२०,००० मिळवायचे तर सुमारे एक कोटी ८९ लाख मुद्दल लागेल, आणि महागाई त्यात धरलेली नाही. पहिली पाच वर्षं कॉर्पस विसरा.

पायरी ७: स्वतःची कमाई, जपून

कापडी पिशव्या, पणत्या, फराळ. हजार पिशव्या ६० रुपयांनी विकल्या. कापड २५, शिलाई २०, छपाई ५, ने-आण आणि खराब माल ४. पिशवीमागे ६ उरले, एकूण ६,०००. समन्वयकाचे यात दहा दिवस गेले असतील तर त्याचा पगारच ६,००० झाला. बचत गटातल्या बायकांना काम मिळावं हा हेतू असेल तर जरूर करा, पण मग तो कार्यक्रम आहे, निधी नव्हे. विक्री संस्थेच्या उद्दिष्टाशी जोडलेली असावी आणि तिची हिशेबवही वेगळी ठेवावी लागते.

पालकांकडून महिना ५० रुपये घेणं मात्र आम्हाला योग्य वाटतं. वर्षाला ४८,००० होतात, आणि शिक्षिका दोन दिवस आली नाही तर वस्तीतून विचारणा होते. ज्या घराला ५० झेपत नाहीत त्याला सूट द्या, यादी न लावता.

पायरी ८: महिन्याचा एक आकडा

दर महिन्याच्या बैठकीत हिशेबनीसाने एकच आकडा आधी सांगावा: मोकळ्या पैशावर किती महिने निघतील. समजा खात्यात ५,४०,००० आहेत. त्यातले ४,१०,००० कंपनीच्या प्रकल्पाचे. मोकळे राहिले १,३०,०००. भागिले १,१०,०००. सव्वा महिनाही नाही. पासबुक बघणाऱ्याला ही संस्था सुखात वाटते. हा आकडा तीनच्या खाली गेला की नवा कर्मचारी नेमायचा नाही आणि नवं केंद्र उघडायचं नाही, असा ठराव आधीच करून ठेवा. मागाहून केलेल्या ठरावाला कुणी जुमानत नाही.

त्याच कागदावर दुसरी ओळ: कुठल्याही एका देणाऱ्याचा वाटा किती. ४० टक्क्यांच्या वर गेला तर पुढचे सहा महिने नवे देणारे शोधण्यावरच जोर.

तारखांपैकी भिंतीवर लावायच्या एवढ्याच: ३१ मे देणगीदारांचं विवरण, ३१ ऑगस्ट फॉर्म १०, ३० सप्टेंबर ऑडिट, ३१ ऑक्टोबर आयटीआर-७, म्हणजे संस्थेचं आयकर रिटर्न. मुदतवाढ बऱ्याचदा मिळते, पण तिच्यावर विसंबून सीएकडे वह्या २५ सप्टेंबरला नेऊ नका. जुलैत न्या.

मोठा देणगीदार गेला तर

पहिल्या आठवड्यात त्याच्याकडून दोन गोष्टी लेखी घ्या: शेवटचा हप्ता कधी, आणि तुमच्या कामाबद्दल चार ओळींचं पत्र. पैसे थांबले तरी पत्र बहुतेक जण देतात, आणि पुढच्या देणगीदारापुढे ते उपयोगी पडतं. मग दरमहा देणाऱ्या शंभरांना खरी परिस्थिती आकड्यांसकट कळवा. तीन महिने ५०० ऐवजी ८०० द्याल का, असं सरळ विचारा. निम्म्यांनी हो म्हटलं तरी महिन्याला १५,००० वाढतात.

शिक्षिकांना त्याच आठवड्यात सांगा, पगार थकेपर्यंत थांबू नका. कपात करायचीच असेल तर दोन्ही केंद्रं अर्धवट चालवण्यापेक्षा एक केंद्र सत्राच्या शेवटी नीट बंद करा, मुलांना जवळच्या दुसऱ्या अभ्यासिकेत किंवा मनपाच्या शाळेच्या वाचनालयात जोडून द्या, घरमालकाला महिनाभर आधी कळवा आणि अनामत परत घ्या.